चौकट कापली की चाहते का चिडतात?

प्रश्न : माझे वडील देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झाले. क्वार्टर सोडून आम्ही विकासनगरला आलो, तेव्हा माळ्यावरची खोकी न उघडता तशीच आणली होती. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत त्यातून दादाचा खजिना निघाला. ‘क्वीन’ या इंग्लिश रॉक बँडच्या व्हिडिओंची एक जुनी व्हीएचएस कॅसेट आणि नंतर कधीतरी घेतलेले डीव्हीडीचे दोन संच. दादाला फोन केला तर म्हणाला, डीव्हीडी कुणाला देऊन टाकलीस तरी चालेल, कॅसेटला मात्र हात लावू नकोस. माझी मुलगी म्हणते, मामाचं काहीतरीच असतं, हीच गाणी फोनवर कितीतरी स्वच्छ दिसतात. दादाच्या मित्रांतही या संचांवरून जुनी भांडणं आहेत म्हणे. कुणी त्यांना सोनं म्हणतं, कुणी म्हणतं गाण्यांची वाट लावली. गाणी तीच, माणसं तीच, मग भांडण कशाचं? – एक वाचक, विकासनगर

उत्तर : दादांना आधी कळवून टाका की दोन्ही गोष्टी जपून ठेवल्या आहेत. देऊन टाकायचं त्यात काहीच नाही. भांडण आहे ते गाण्यांभोवतीच्या चौकटीचं. ते समजून घ्यायला गाण्याचा व्हिडिओ मुळात कशासाठी झाला तिथून सुरुवात करावी लागते.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे क्वीनचं गाणं ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी इंग्लंडच्या बाजारात आलं. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. गाणं गाजायचं तर बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात दिसायला हवं, आणि तिथे बँडने हजर राहून ध्वनिमुद्रणावर ओठ हलवायचे असा रिवाज होता. या गाण्याच्या मधल्या ऑपेरासारख्या भागात एकावर एक चढवलेले कितीतरी आवाज आहेत. चौघांनी स्टुडिओत उभं राहून त्याला ओठ हलवणं विचित्रच दिसलं असतं. शिवाय दौरा तोंडावर आला होता. म्हणून १० नोव्हेंबरला एल्स्ट्री स्टुडिओत, जिथे दौऱ्याच्या तालमी चालल्या होत्या तिथेच, ब्रूस गावर्स या दिग्दर्शकाने सुमारे चार तासांत चित्रीकरण उरकलं. खर्च साडेचार हजार पौंडांच्या आसपास. २० नोव्हेंबरला तो टीव्हीवर दिसला आणि गाणं पुढे सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. टीव्हीवर दाखवण्यासाठी गाण्यांच्या छोट्या फिती त्याआधीही होत होत्या, पण एखादा बँड स्वतः न जाता आपलं चित्र पाठवू शकतो आणि त्या चित्राने गाणं उचललं जातं, हे या एका व्हिडिओने सगळ्यांना पटवलं.

त्यातली एक जागा जवळून बघा. ऑपेराचा भाग येतो तेव्हा काळोखात चार चेहरे चौकटच्या पत्त्यावरच्या आकारात मांडलेले दिसतात, एक वर, एक खाली, दोन बाजूंना. ही मांडणी बँडच्या १९७४ सालच्या ‘क्वीन टू’ या तबकडीच्या वेष्टनावरच्या, मिक रॉक यांनी काढलेल्या फोटोवरून घेतलेली आहे. थोड्या वेळाने एकच चेहरा मागे मागे सरकत जातो आणि त्याच्या प्रतींची रांग लागते. संगणकाची करामत तेव्हा नव्हती. कॅमेऱ्याचं चित्र ज्या मॉनिटरवर दिसतं त्याच मॉनिटरकडे कॅमेरा वळवला, की मॉनिटरवरचं चित्र पुन्हा कॅमेऱ्यात, तिथून पुन्हा मॉनिटरवर, असं फिरत राहतं आणि चेहरा लांबवर पाझरत गेल्यासारखा दिसतो. एका चेहऱ्याचे अनेक चेहरे करायला भिंगासमोर पैलू पाडलेली काच धरली होती. सगळं तिथल्या तिथे, कॅमेऱ्यातच केलेलं. आता लक्षात घ्या, हे सगळं जुन्या टीव्हीच्या चार बाय तीनच्या चौकटीसाठी मांडलेलं होतं. वरचा चेहरा किती वर आणि खालचा किती खाली, हे त्या चौकटीकडे बघून ठरवलेलं होतं.

१९८१ साली क्वीनने आपली गाजलेली गाणी ‘ग्रेटेस्ट हिट्स’ नावाने एकत्र काढली. त्याच्या जोडीने व्हिडिओंचा ‘ग्रेटेस्ट फ्लिक्स’ हा संच आणि फोटोंचं एक पुस्तकही आलं. आपल्या सगळ्या व्हिडिओंची मिळून कॅसेट काढून विकणारे बँड तेव्हा फारच थोडे होते. त्यात गाणी काळाच्या क्रमाने लावली होती. त्यामुळे कॅसेट सुरुवातीपासून बघत गेलं की लांब केसांचे, रेशमी झग्यातले चार तरुण डोळ्यांसमोर हळूहळू बदलत जातात. ‘किलर क्वीन’ या गाण्याचा मुळात व्हिडिओच नव्हता, तर या संचासाठी जुन्या चित्रांची जुळवाजुळव करून तो नव्याने केला. दुसरा संच, ‘ग्रेटेस्ट फ्लिक्स टू’, १९९१ साली आला. दादांच्या कॅसेटवर यातलं कोणतं नाव आहे ते नीट वाचा. त्याचं कारण पुढे येईल.

मग डीव्हीडी आली. २००२ साली ‘ग्रेटेस्ट व्हिडिओ हिट्स वन’, २००३ साली ‘टू’. तोवर घराघरांत रुंद पडद्याचे, सोळा बाय नऊचे टीव्ही यायला लागले होते. पहिल्या संचातली बरीच गाणी या नव्या पडद्याला बसतील अशी कापून दिली होती, आणि इथेच ठिणगी पडली.

हिशेब सोपा आहे. चार बाय तीनचं चित्र सोळा बाय नऊच्या पडद्यावर काठोकाठ बसवायचं तर रुंदी पूर्ण ठेवून उंची कापावी लागते. उंचीचा एक चतुर्थांश जातो. आपल्याकडे आणि इंग्लंडात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत चित्राच्या ५७६ ओळी असतात. मूळ चित्र तेवढ्याच ओळींत बसलेलं होतं. त्यातल्या वरच्या-खालच्या कापून उरतात ४३२, आणि त्याच ताणून पुन्हा पडदाभर पसरवायच्या. म्हणजे चित्र कमी झालं ते झालंच, वर उरलेलं भुरकटलंही. ज्या व्हिडिओची सगळी ताकद चौकटीत वर-खाली बसवलेल्या चेहऱ्यांत आहे, त्याच्या बाबतीत चाहता याला मोडतोड म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे.

काही जण म्हणतात, एवढ्याशा पट्टीवरून काय कटकट करायची. देहूरोडच्या माणसाला तरी मी हे वेगळं समजावून सांगायला नको. शेजारी देहू आहे. मुंबई सरकारच्या मदतीने १८६९ आणि १८७३ साली तुकोबांची गाथा दोन खंडांत छापली गेली, तेव्हा विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहूची, तळेगावची, कडूसची, पंढरपूरची हस्तलिखितं समोरासमोर ठेवून ताडली आणि जिथे शब्द वेगळा तिथे पाठभेद नोंदवला. आजही कीर्तनात बुवांनी एखादा शब्द चुकून बदलला तर समोर बसलेली माळकरी म्हातारी तिथल्या तिथे दुरुस्त करते. गाथेची आणि रॉक गाण्याची बरोबरी मी करत नाही. पण ज्याला एखादी गोष्ट मुखोद्गत आहे त्याला तिच्यातली काटछाट सर्वांत आधी टोचते, आणि तो बोलला म्हणूनच मूळ पाठ कोणता हे पुढच्यांना कळतं. क्वीनच्या चाहत्यांनी तेच केलं. कुठल्या प्रतीत काय कापलंय, कुठल्या कॅसेटवर कुठला प्रसंग जास्त आहे, याची टाचणं त्यांनी वर्षानुवर्षं ठेवली. कुणी पगार दिला नाही, कुणी सांगितलं नाही.

घरी एक परीक्षा करून बघा. डीव्हीडी लावा आणि रॉजर टेलरच्या ड्रम सेटमधला पुढचा मोठा ढोल बघा. त्याचं तोंड लंबगोल दिसत असेल तर दोष डीव्हीडीचा नाही, तुमचा टीव्ही चित्र ताणतोय. रिमोटवरून चित्राची सेटिंग चार बाय तीन करा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. ढोल नीट गोल आहे, पण गिटारवादक ब्रायन मेचे कुरळे केस वरून छाटल्यासारखे दिसतात, तर मग चित्र डीव्हीडीतच कापलेलं आहे आणि रिमोटने काही होणार नाही. डीव्हीडी मुळीच लागली नाही तर पाठीमागचा प्रदेश क्रमांक बघा. इंग्लंडातून आणलेल्या डीव्हीडीवर बहुधा २ असतो, भारतासाठी ५ ठरवलेला आहे आणि काही प्लेअर दुसरा क्रमांक घेत नाहीत.

आता तुमच्या मुलीचं म्हणणं. फोनवरची गाणी स्वच्छ दिसतात हे खरंच आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची नव्याने घासूनपुसून काढलेली आवृत्ती २०१९ साली आली आणि त्याच जुलैत त्या व्हिडिओने यूट्यूबवर १०० कोटींचा आकडा ओलांडला. १९९०च्या आधीच्या कोणत्याही गाण्याच्या व्हिडिओने तोवर हे केलं नव्हतं. मात्र हा व्हिडिओ १९७५ साली चित्रफितीवर टिपला होता, सिनेमाच्या फिल्मवर नव्हे. फिल्म पुन्हा नव्या यंत्रातून काढली की तिच्यात लपलेले बारकावे बाहेर येतात. चित्रफितीत जेवढ्या ओळी तेव्हा टिपल्या गेल्या तेवढ्याच आहेत, बाकीच्या आजचं यंत्र अंदाजाने भरतं. म्हणून मुलीला दिसतो तो गुळगुळीतपणा आणि दादांना आठवतं ते चित्र, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोघांना शेजारी बसवून दोन्ही दाखवा.

एवढं सगळं झालं तरी डीव्हीडी टाकायची नाही, याचं कारण तिच्यावरचा आवाज. मूळ स्टीरिओ तर आहेच, शिवाय सहा स्पीकरांसाठी नव्याने केलेलं ध्वनिमिश्रण आहे. त्या नव्या मिश्रणावरही चाहत्यांत दोन तट आहेत. माझं मत विचाराल तर आधी स्टीरिओ ऐकावं, कारण लोकांनी ते गाणं तसं ऐकलं होतं. मग दुसरं लावावं आणि ऑपेराच्या भागात एकेक आवाज खोलीत कुठून येतो ते शोधावं. आणि तिसरा आवाज सर्वांत मोलाचा : ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी चित्र बघत बघत केलेलं बोलणं. ज्यांनी ते व्हिडिओ केले तेच सांगतायत, हे कॅसेटवर नाही. जॉन डीकन त्यात नाही, तो तोवर बँडमधून निवृत्त होऊन घरी बसला होता.

आणि आता कॅसेटवरचं नाव. डीव्हीडीचा दुसरा संच १९८९ पर्यंतच्या गाण्यांपाशी थांबतो. तिसरा येईल म्हणून चाहते वर्षानुवर्षं वाट बघत राहिले, तो आला नाही. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेला त्या वर्षीचे, १९९१चे व्हिडिओ त्यामुळे डीव्हीडीच्या या मालिकेत आलेच नाहीत. दादांच्या कॅसेटवर ‘फ्लिक्स टू’ लिहिलं असेल तर ‘इन्युएंडो’ आणि ‘द शो मस्ट गो ऑन’ त्यात आहेत. हात लावू नकोस असं दादा का म्हणाले, ते तुमच्या आता ध्यानात आलं असेल.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी आकुर्डीला कॉलेजात जातो. लोकलमध्ये एकच वाद, क्वीनचा सर्वांत चांगला व्हिडिओ कोणता. मला स्टेजवरचे आवडतात, बाकी दोघींना गोष्ट सांगणारे. चाहत्यांचं एकमत कशावर आहे? – एम. बी. कॅम्प, देहूरोड

उत्तर : एकमत नाही आणि होणारही नाही, पण भांडणाच्या जागा ठरलेल्या आहेत, त्या सांगते.

स्टेजवरच्या व्हिडिओंची बाजू घेणारे म्हणतात, बँड खरा दिसतो तो इथेच. ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ जानेवारी १९७९ मध्ये ब्रसेल्सच्या सभागृहात टिपला. त्यात गोष्ट नाही, नेपथ्य नाही, दिवे, घाम आणि पियानोवर बसलेला फ्रेडी, बस्स. याच्या जवळपासचा एक प्रकार मला स्वतःला फार आवडतो. जानेवारी १९७८ मध्ये रॉजर टेलरच्या घरामागच्या बागेत, बर्फात उभं राहून ‘वी विल रॉक यू’ आणि ‘स्प्रेड युअर विंग्ज’ चित्रित केले. हे चौघं गारठलेले आहेत हे लपत नाही. संचात हे व्हिडिओ आले की बरेच जण पुढे ढकलतात. मी म्हणेन ढकलू नका. एवढी मोठी गाणी किती साध्या जागेत उभी राहिली ते इथे दिसतं.

दुसरी जागा म्हणजे ‘अंडर प्रेशर’. १९८१चं, डेव्हिड बोवी या गायकाबरोबरचं गाणं. व्हिडिओत ना क्वीन आहे ना बोवी. डेव्हिड मॅलेट या दिग्दर्शकाने कोसळणाऱ्या इमारती, गर्दी, मूकपटांतले तुकडे असं जुनं चित्रण जोडून तो केला. लाडका गायक दिसतच नाही म्हणून नाराज होणारे पुष्कळ आहेत. उलट बाजू अशी की गाणं ज्या दडपणाबद्दल आहे ते कुठल्याही गायकाच्या चेहऱ्यापेक्षा त्या पडणाऱ्या भिंतींत जास्त दिसतं. मी या उलट बाजूला आहे.

तिसरी आणि मोठी जागा : ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’, १९८४. चौघांनी बायकांचे कपडे घालून ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या इंग्लंडातल्या लाडक्या मालिकेची नक्कल केली आहे. ज्यांच्या घरी ती मालिका नेमाने लागायची त्यांना हे फार आवडलं. अमेरिकेत ती मालिका कुणाला ठाऊक नव्हती, तिथे हे चित्र अंगावर आलं आणि एमटीव्हीने ते दाखवायचं टाळलं. तिथली बँडची लोकप्रियता घटायला याचाही हात होता असं मानलं जातं. एकच व्हिडिओ, पण बघणाऱ्याच्या घरात आधी काय लागत होतं त्यावर मत ठरलं. तुम्हा मैत्रिणींच्या वादातही हे तपासून बघा. आपल्याकडे तमाशातला मावशीचं सोंग घेणारा सोंगाड्या किंवा बालगंधर्वांची परंपरा ज्याच्या कानावर आहे, त्याला पुरुषाने लुगडं नेसणं मुळात खटकत नाही. हा व्हिडिओ मराठी घरांत सहज पचतो असा माझा अनुभव आहे.

चौथा ‘रेडिओ गा गा’. हा माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचा, आणि त्याला कारण चाहतेच आहेत. नोव्हेंबर १९८३ मध्ये शेपर्टन स्टुडिओत जमावाचा प्रसंग घेतला, तेव्हा बँडने आपल्या चाहता मंडळाच्या सुमारे ५०० सभासदांना बोलावलं. पांढऱ्या कपड्यांत रांगा लावून त्यांनी डोक्यावर हात उंचावून दोन टाळ्या मारल्या. बाकी दृश्यांत फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ या १९२७च्या मूकपटाचं चित्रण आहे. पुढे १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ‘लाइव्ह एड’ हा मदतनिधीसाठीचा गाण्यांचा कार्यक्रम झाला. तिथे फ्रेडीने हे गाणं घेतलं आणि मैदानभर पसरलेल्या हजारो लोकांनी कुणी न शिकवता त्याच दोन टाळ्या मारल्या. टीव्हीवर बघून पाठ झालेल्या होत्या. व्हिडिओत चाहते उभे राहिले आणि व्हिडिओतून ती खूण जगभरच्या चाहत्यांच्या हातात गेली. या व्हिडिओबद्दल बोलताना ते ‘आमचा’ म्हणतात, त्यात अतिशयोक्ती नाही. त्यातल्या पाचशे जणांचे तर हात त्यात आहेत.

शेवटी ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’. ३० मे १९९१ रोजी चित्रण झालं. फ्रेडी फार आजारी होता, अंगावरचं मांस उतरलं होतं. चित्र कृष्णधवल ठेवलं ते त्याची अवस्था थोडी झाकली जावी म्हणून. कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याची त्याची ही शेवटची वेळ. ब्रायन मे त्या दिवशी हजरच नव्हता, त्याचं चित्रण नंतर करून मध्ये जोडलं. हे ठाऊक झाल्यावर पुन्हा बघा, दोघं एका चौकटीत खरोखर किती वेळ आहेत ते शोधा. ‘द शो मस्ट गो ऑन’ त्याच वर्षीचं. त्यासाठी फ्रेडीच्या अंगात ताकद उरली नव्हती, म्हणून १९८२ पासूनच्या जुन्या व्हिडिओंचे तुकडे जोडून ते केलं. २४ नोव्हेंबरला तो गेला. हे दोन व्हिडिओ चांगले की वाईट असं मला सांगता येत नाही, आणि जे चाहते त्यांना यादीत क्रमांक द्यायलाच नकार देतात त्यांच्याशी मी सहमत आहे.

प्रश्न : फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीला शिकला, हे खरं की सांगोवांगी? – किवळे

उत्तर : अगदी खरं. त्याचं नाव फारुख बलसारा. जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. घराणं पारशी, मूळ गुजरातेतल्या बलसाडचं, आडनावही तिथलंच. वडील झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. मुलाला आठव्या वर्षी बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात पाठवलं. वाईहून पसरणीचा घाट चढून गेलं की लागते ती पाचगणी. फ्रेडी हे नाव त्याला इथेच पडलं, पियानोही तो इथेच शिकला आणि बाराव्या वर्षी शाळेतल्या मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा त्याचा पहिला बँड इथेच झाला. शाळेच्या कार्यक्रमांत ते परदेशी रॉक अँड रोल वाजवायचे. फ्रेडी पियानोवर असायचा, म्होरक्या गायक दुसरा होता.

या पोरांचं पुढे काय झालं ते तुमच्या लष्करी भागातल्या वाचकांना रंजक वाटेल. ढोल वाजवणारा व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा सेनापती होता. डेरिक ब्रांच इंग्लंडात नट झाला. फरंग इराणी यांनी पुण्यात कॅम्पात सिझलर्सचं हॉटेल काढलं, तिथे जेवून आलेली माणसं देहूरोडमध्येही सापडतील. बलसारा कुटुंब १९६४ साली झांझिबारमधल्या उठावानंतर इंग्लंडला गेलं.

याचा व्हिडिओंशी संबंध आहे का? माझ्या मते आहे. घरापासून हजारो मैल दूर, वसतिगृहात वाढलेल्या, लाजाळू आणि पुढच्या दातांवरून चिडवल्या जाणाऱ्या मुलाला स्टेज हीच एक जागा होती जिथे तो हवा तसा दिसू शकत होता. कॅमेऱ्यासमोर उभं राहिल्यावर कसं दिसायचं, हे त्याने पुढे विचार करून ठरवलं. क्वीनच्या प्रत्येक व्हिडिओत तो वेगळा माणूस म्हणून उभा राहतो.

प्रश्न : काकांच्या घरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या दहा-बारा व्हीएचएस कॅसेट आहेत. एकीवर ‘एमटीव्ही, रॉक मशीन, ९३’ असं लिहिलंय. दोन-तीन कॅसेटच्या आत पांढरी बुरशी दिसते. भंगारवाला किलोवर मागतोय. द्याव्यात का? – शेलारवाडी

उत्तर : अजिबात देऊ नका. भंगारवाल्याला घरातलं दुसरं काहीही द्या.

‘रॉक मशीन’ हा मुंबईचा बँड, १९८४ साली निघालेला. उदय बेनेगल गायक, महेश तिनईकर गिटारवर. आपल्या मुलांनी स्वतःची इंग्रजी रॉक गाणी लिहून गावीत आणि ती ऐकायला कॉलेजची मैदानं भरावीत, हे त्यांनी करून दाखवलं. पुढे त्यांनी ‘इंडस क्रीड’ असं नाव घेतलं आणि १९९३ साली ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा मान मिळाला. एमटीव्ही तेव्हा स्टारच्या वाहिन्यांबरोबर केबलवर यायचा. १९९४ साली ती जागा चॅनल व्हीने घेतली आणि एमटीव्ही भारतात परतला तो १९९६ मध्ये. काकांनी ९३ साली जे रेकॉर्ड केलं त्यात त्या वेळचा निवेदक आहे, जाहिराती आहेत, गाण्याआधी आणि नंतर काय लागायचं तेही आहे. क्वीनच्या व्हिडिओंची मूळ फीत तिकडे तिजोरीत सुरक्षित आहे. आपल्या मुलांच्या गाण्यांची आपल्याकडे पहिल्यांदा दिसलेली प्रत अशा माळ्यांवरच सापडते, म्हणून मी इतका आग्रह धरते.

मावळातला पाऊस आणि दमट भिंती यांमुळे कॅसेटला बुरशी येणारच. कॅसेटच्या खिडकीतून उजेडात बघा. फितीच्या कडांवर पांढरी किंवा राखाडी भुकटी गोल कड्यासारखी दिसली तर ती कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका. भुकटी प्लेअरच्या हेडला चिकटते आणि मग तोच प्लेअर चांगल्या कॅसेटही खराब करतो. बुरशीच्या कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधा, हाताळताना तोंडाला रुमाल लावा, आणि फीत स्वच्छ करून देणाऱ्या माणसाकडेच द्या. घरी कापसाने पुसायचा प्रयत्न करू नका, फीत चुरगळते. चांगल्या कॅसेट एका बाजूला पूर्ण गुंडाळून, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, डब्यात बुटांच्या खोक्यातल्या त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका. स्पीकरजवळ मात्र ठेवू नका, त्यातल्या लोहचुंबकाने चित्र पुसट होतं. आणि प्रत्येक कॅसेटच्या पाठीवरच्या कडेला डावीकडे प्लास्टिकची छोटी पट्टी असते ती मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर काही रेकॉर्ड होणार नाही.

डिजिटल करून घ्यायला कुणाकडे दिल्यात तर आधीच बजावून सांगा : चित्र चार बाय तीनच ठेवायचं, रुंद करायचं नाही, कडा कापायच्या नाहीत, जाहिराती आणि निवेदन गाळायचं नाही, आणि एक कॅसेट म्हणजे एक सलग फाइल. काम झाल्यावर मूळ कॅसेट परत मागून घ्या, आणि काकांना शेजारी बसवून कुठल्या कॅसेटवर काय आहे ते त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या.